फरार भाऊ

ती घटना आजही आठवते, असं लिहून निवृत्त पोलीस अधिकारी सहसा मिशीवर हात फिरवतो आणि पुढे स्वतःचा पराक्रम सांगतो. माझी अडचण अशी, की या घटनेत माझा पराक्रम एवढाच, की जो माणूस मी तीन दिवस शोधत होतो, तो पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर होता. आणि घटनेच्याही आधी मला आठवतं ते धुकं. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावरून पहाटे उठणारं, बांधावरच्या तुरीच्या शेंड्यांना लोंबकळणारं, आठ वाजले तरी न हलणारं. त्यात माणूस दहा पावलांवर असला तरी स्वप्नात पाहिल्यासारखा दिसायचा.

सेवेची शेवटची काही वर्षं मी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मूळचा मी कृष्णाकाठचा. इकडे आलो तेव्हा मला वाटायचं, मराठीच तर आहे, त्यात समजायला काय लागतं. हा समज घेऊन मी तिथे पावणेतीन वर्षं काढली.

धरणाच्या पाण्याने गावं उठली तेव्हा लोकांना वर माळावर वसवलं. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, ओळीने लावलेल्या भांड्यांसारखी घरं. जुनं गाव पाण्याखाली गेलं, पण गावाकडे जाणारा जुना डांबरी रस्ता राहिला. तो पाण्याच्या कडेकडेने बराच लांब जातो, मग एका ठिकाणी वळतो आणि सरळ पाण्यात उतरतो. कुठे फलक नाही, कठडा नाही. रस्ता आपला शांतपणे पाण्यात शिरतो, जणू पलीकडे कुणी वाट बघतंय. त्या टोकाशी रोज सकाळी एक म्हातारबा येऊन बसायचे. सत्तरीचे, अंगावर घोंगडी, हातात काठी. बुडालेल्या गावाकडे बघत बसायचे आणि ऊन तापलं की परत जायचे.

एका सकाळी ते परत गेले नाहीत. पावणेआठला एकशे आठ क्रमांकावर फोन गेला. जुन्या रस्त्यावर म्हातारा पडला आहे, पाय मोडला आहे, लवकर या. बोलणारीने नाव सांगितलं नाही. रुग्णवाहिका पोहोचली तेव्हा म्हातारबा रस्त्याच्या कडेला निजलेले होते. घोंगडी अंगावर नीट पांघरलेली आणि मोडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी तुरीची दांडकी लावून वरून पांढऱ्या ओढणीने पक्कं बांधलेलं. जवळ इंडिकेटरच्या नारिंगी काचेचे तुकडे. माणूस कुणीच नाही.

रुग्णालयातून ठाण्याला खबर आली आणि मी स्वतः गेलो. डॉक्टर म्हणाले, बांधलं कुणी ते कळत नाही, पण त्याच्यामुळे पाय वाचला. फक्त एक, गाठ काही सुटेना, शेवटी कापावी लागली. कापलेली ओढणी मी मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली. गाठ तशीच होती. लहानशी, घट्ट, दोन टोकं एकमेकांच्या कुशीत शिरलेली.

म्हातारबांच्या खाटेजवळ एक चाळिशीचा, सडपातळ, काळासावळा माणूस मासोळीचा रस्सा भरवत बसला होता. मी त्याला म्हणालो, जबाब घ्यायचा आहे, बाहेर व्हा. तो डबा झाकून निमूट बाहेर गेला. हा माणूस ध्यानात ठेवा. मी ठेवला नाही.

म्हातारबांना विचारलं, कुणी धडक दिली? ते छताकडे बघत राहिले आणि मग सावकाश म्हणाले, ‘‘धुक्यानं.’’

‘‘बाबा, धुक्याला इंडिकेटर नसतो.’’

‘‘तुमच्या तिकडं नसंल साहेब. इकडचं धुकं लय आगाऊ आहे. आलं, मले पाडलं, पाय बांधला न् निघून गेलं.’’

मी जबाबात तसं लिहिलं नाही. ‘जखमी सांगण्याच्या मनःस्थितीत नाही’ असं लिहिलं. वास्तविक त्या दिवशी सांगण्याच्या मनःस्थितीत ते एकटेच होते, ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

खबर तिसऱ्या दिवशी आली. कोंढ्याच्या रस्त्यावर गाड्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याच्या मेव्हण्याची मोटरसायकल आम्ही पकडून ठाण्याच्या आवारात लावली होती. खबरी फुकट येत नाही, हा माझा अनुभव. न्यायाची चाड म्हणून येणारा खबरी मी पस्तीस वर्षांत एक पाहिला आणि तोही पुढे सरपंचपदाला उभा राहिला. मिस्त्री चहा पिता पिता म्हणाला, की पुनर्वसनातला एक डोंगेवाला, म्हणजे होडीवाला, दुचाकीचा इंडिकेटर बदलून घेऊन गेला, गाडी त्याची पोट्टी, म्हणजे मुलगी, कॉलेजात नेते, वय सोळा. मग लगेच त्याने मेव्हण्याच्या गाडीकडे बघितलं. मी पण बघितलं.

सोळा वर्षं म्हणजे विधिसंघर्षग्रस्त बालक. अशा मुलांना ठाण्यात आणायचं नाही, गणवेशात त्यांच्यापुढे जायचं नाही, पालकांसमोर बोलायचं आणि मुलगी असेल तर महिला पोलीस सोबत हवी. हे सगळं मी काटेकोर पाळलं. साधा शर्ट घातला, ठाण्यातल्या एका महिला शिपायाला घेतलं. ती लातूरकडची, नुकतीच बदलून आलेली. माझा हवालदार, जो जन्माने तिथला, तो बपेऱ्याला धान चुरायला, म्हणजे भाताच्या मळणीला, आठ दिवसांच्या रजेवर होता. म्हणजे त्या घरात शिरलेल्या आम्हां दोघा पोलिसांना मिळून तिथल्या भाषेतलं जेवढं कळत होतं, तेवढं एखाद्या पाहुण्याच्या कुत्र्यालाही कळलं असतं.

घरात दोघंच, बाप आणि मुलगी. मुलगी पाचवीत असताना आई वारलेली. अंगणात जाळी वाळत घातलेली. जाळीच्या कडेला गाठी होत्या. लहानशा, घट्ट, दोन टोकं एकमेकांच्या कुशीत शिरलेल्या. ते बघून मला एवढा आनंद झाला, की बाप कोण आहे याकडे माझं लक्षच गेलं नाही. रस्सा भरवणारा तोच माणूस दारात उकिडवा बसला होता. मी त्याला ओळखलं, पण मनात म्हटलं, म्हणजे याला सगळं माहीत आहे, हा कुणाला तरी लपवतो आहे. पोलिसाचं डोकं एकदा पळायला लागलं की ते फाटक बघत नाही.

मुलगी खाली मान घालून बसली होती. महिला शिपायाने पाणी दिलं, तिने घेतलं नाही. मी विचारलं, बाळ, गाडी तू चालवत होतीस? तिने होकारार्थी मान हलवली. म्हातारबा दिसले नाहीत, म्हणाली, धुकं होतं. मग गाडीची चावी तुला कुणी दिली?

‘‘भाऊनं देली.’’

या ठिकाणी वाचकाला कायदा थोडा सांगायला हवा. मोटार वाहन कायद्यात तेव्हा नवीन कलम आलं होतं, एकशे नव्व्याण्णव-अ. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. चावी कुणी दिली हा प्रश्न म्हणून सगळ्यात मोठा. आणि मुलीने उत्तर दिलं, भाऊनं. मी डायरीत लिहिलं, ‘सदर वाहन बालिकेस तिच्या भावाने दिले.’ खाली रेघ मारली.

भाऊ कसा दिसतो, मी विचारलं. मुलीने दाराकडे, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘असाच.’’ मी लिहिलं, ‘वडिलांसारखा दिसतो.’

‘‘असतो कुठे?’’

‘‘दिवसभर पान्यावर रायते. सांजीले घरी येते.’’

बाप दारातून म्हणाला, ‘‘साहेब, भाऊ म्हंजे...’’

‘‘मी विचारीन तेव्हा बोला,’’ मी म्हणालो. हे वाक्य मी पस्तीस वर्षं वापरलं. त्याने किती जणांचं खरं बोलणं अडवलं असेल, याचा हिशेब लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीतून कुटुंबाची यादी आणवली. त्यात बाप आणि मुलगी, दोनच नावं. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. मी थांबलो नाही. पुनर्वसनात सज्ञान मुलांची नावं वेगळं कुटुंब म्हणून वेगळ्या यादीत जातात, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे यादीत नसणं हाच भाऊ असल्याचा पुरावा. शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला: सडपातळ बांध्याचा, सावळा, वडिलांसारखा दिसणारा भाऊ फरार. दिवसा पाण्यावर लपतो. आढळल्यास कळवावे.

तपास गोपनीय ठेवला होता, म्हणून ठाण्यात कुणाशी बोललो नाही. बोललो असतो तर पहिल्या पाच मिनिटांत प्रकरण मिटलं असतं आणि मला आज लिहायला काही राहिलं नसतं.

पाण्यावर लपतो म्हणजे फुगवट्यातल्या बेटांवर. बेटं म्हणजे जुन्या टेकड्यांचे माथे. तिथे जायला डोंगा लागतो, आणि त्या काठावर पुढच्या सकाळी सातला डोंगा घेऊन उभा होता एकच माणूस. मुलीचा बाप. मी विचार केला, यालाच घ्यावं. पोराला हाक मारायची वेळ आली तर बापाचा आवाज उपयोगी पडेल. बापामागोमाग काठावर आलेल्या मुलीजवळ महिला शिपायाला बसवलं आणि मी डोंग्यात चढलो. तो म्हणाला, साहेब, निघायच्या आधी एक सांगाचं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं. पाण्यावर आवाज लांब जातो.

बांबू टेकून त्याने डोंगा ढकलला.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही, आणि त्याचं कारण तपास मुळीच नाही. काठ दिसेनासा झाला. पाणी आणि धुकं यांच्यातली रेघ पुसली गेली, आपण वर आहोत की खाली ते कळेना. मेलेल्या झाडांचे पांढरे बुंधे एकेक करून समोर यायचे आणि मागे जायचे. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले. कुठेतरी बदकांचा थवा बोलत होता, लग्नघरातल्या माजघरासारखा, शब्द कळत नव्हते. एका ठिकाणी देवळाच्या कळसाचं टोक पाण्याबाहेर होतं, त्यावर कुणीतरी ताजं फूल ठेवलेलं. मी कमरेचं पिस्तूल चाचपलं आणि मला माझीच लाज वाटली. एवढ्या शांत जागेत मी कुणाला पकडायला निघालो होतो?

बांबू पाण्यात जायचा, तळाला टेकायचा, वर यायचा. एकदा तो टेकला तेव्हा वेगळा आवाज आला. दगडावर टेकल्यासारखा. त्याने डोंगा थांबवला.

‘‘आता बोलू का साहेब?’’ तो हळू म्हणाला. ‘‘आता लांब आलो.’’

मी मान हलवली.

‘‘हे आमचा ओटा होय. इथं आमचं घर होतं. चार भाऊ आमी, एका चुलीवर. मी मोठा. धाकटे तिघंबी मले भाऊ म्हनत. त्याहिचं आयकून त्याहिची लेकरं भाऊ म्हनत. मंग माही पोट्टी झाली, थे बी भाऊच म्हनाले लागली. बाबा म्हनाले कोनी शिकवलंच नाई तिले. मंग पानी आलं. चारही भावाले चार प्लॉट भेटले, चार दिशेले. चूल गेली, घर गेलं. भाऊ म्हननारी हे एकटीच रायली.’’

बांबू त्याने तसाच धरला होता, खाली त्याच्या ओट्यावर टेकलेला. मी त्याच्याकडे बघितलं. सडपातळ बांधा, सावळा रंग. दिवसभर पाण्यावर, संध्याकाळी घरी. दिसायला तंतोतंत वडिलांसारखा.

माझ्या तोंडून काय निघालं ते सांगायला हरकत नाही. मी म्हणालो, ‘‘अरे देवा, मग फरार कोण आहे?’’

तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, त्याला आधी वाटलं साहेब त्याला लाजवून राहिले, पोलिसांची काही रीत असेल, माणसाला त्याच्याच दारात बसवून त्यालाच शोधायची. आज डोंग्यात बसवलं तेव्हा तर त्याला वाटलं, आता साहेब मध्यात नेऊन कबूल करायला लावणार. तो कबूल करायला तीन दिवस तयार होता. साहेब करू देत नव्हते.

मग त्याने सगळं सांगितलं. गावाला एसटी येते ती दहाला, मुलीचं कॉलेज आठला. पहिलं वर्ष ती चालत गेली, मग म्हणाली कॉलेज सोडते. त्याने आपली गाडी तिला शिकवली. चांगली चालवते, म्हणाला. मग तिला जुन्या रस्त्याने का पाठवलंत, असं मी विचारलं. त्याने पाण्याकडे बघितलं आणि थोडा अवघडून म्हणाला, तिकडून फाटा चुकते, फाट्यावर पोलीस उभे रायतात ना साहेब. तीन हप्त्यापासून लायसन पाहून राहिले.

ते पोलीस माझे होते. तपासणीची ती मोहीम माझी होती आणि तिच्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. मुलीला धुक्यातल्या रस्त्यावर ढकलण्यात बापाचा एक हात होता, तर दुसरा माझा होता. कायद्यात त्या दुसऱ्या हाताला कलम नाही.

ठोकर लागली तेव्हा मुलीने पाय बांधला, फोन केला आणि तुरीत लपून बसली. रुग्णवाहिकेचा दिवा दिसला तेव्हा निघाली. घरी येऊन बापाला सांगितलं. तो रस्सा घेऊन रुग्णालयात गेला आणि गाडी मिस्त्रीकडे नेली. ठाण्यात का आला नाहीत? तर म्हणाला, तिची परीक्षा चार दिवसांवर होती, होऊ द्यावी म्हटलं. हे चुकलं, तेही त्याने सांगितलं.

आता मी ते केलं, जे अधिकाऱ्याने करू नये. त्याला कायद्याची फट दाखवली. त्या कलमाला एक पळवाट आहे. मुलाने गाडी नेली हे पालकाला माहीतच नव्हतं, असं पालकाने सिद्ध केलं तर तो सुटतो. मी म्हणालो, तुम्ही एवढंच सांगा, की चावी खुंटीला होती आणि तिने न विचारता घेतली. मुलीला बाल न्याय मंडळ समज देईल, फार तर थोडी सेवा करायला लावेल. तुम्ही मात्र आत गेलात तर ती एकटी राहील. माझ्या मनात अजून एक विचार आला होता, तो मी बोललो नाही. माझ्या डायरीत एक भाऊ फरार होता. तो तसाच फरार राहिला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. सरकारी कागदावर किती तरी भाऊ असेच आयुष्यभर फरार असतात.

आणि मी कुणाला शिकवत होतो? माझ्या मुलाने सोळाव्या वर्षी माझीच बुलेट काढली होती आणि पोलीस लाइनीतल्या एका भाजीवालीची टोपली उडवली होती. त्याला पकडणाऱ्या शिपायाने मुलाला नव्हे, आडनावाला सलाम ठोकला आणि घरी आणून सोडलं. मी भाजीवालीची समजूत काढली, मुलाला एक थोबाडीत दिली आणि माझ्या दृष्टीने खटला निकाली निघाला. चावी कुठे असते हे त्याला माहीत होतं, कारण ती मीच दाखवली होती.

डोंगेवाल्याने डोंग्यात साठलेलं थोडं पाणी एका हाताने बाहेर उडवलं. मग म्हणाला, ‘‘मी तसं म्हटलं, तं पोट्टी चोर ठरते ना साहेब.’’

‘‘कागदावर.’’

‘‘कागद तं तुमी वाचसान. घरात थे मले वाचन.’’

त्याने बांबू उचलला आणि डोंगा वळवला.

काठावर महिला शिपाई धावत आली. म्हणाली, सर, मुलगी कबुली देते आहे. मुलीने डोळे पुसून एका दमात सांगितलं, की चावी तिने चोरून घेतली, भाऊले माहीतच नव्हतं, असं लिहा. तिला कुणीतरी कायदा समजावला होता, बहुधा मिस्त्रीनेच, खबर दिल्याची भरपाई म्हणून. मी डोक्याला हात लावला. पस्तीस वर्षं मी माणसांच्या तोंडून कबुली काढायला धडपडलो. त्या सकाळी एका गुन्ह्याच्या दोन कबुल्या समोर उभ्या होत्या, त्यातली एक खोटी होती आणि ती खोटी कबुली सगळ्यांच्या सोयीची होती.

बाप फक्त एवढंच म्हणाला, ‘‘माय, तुले खोटं बोलता येत नाई. काहून बोलतं?’’

मग ती रडली. म्हणाली, चावी भाऊनं देली.

तिथेच, डोंग्याच्या कडेवर वही आणि वहीवर कागद ठेवून मी बापाचा जबाब घेतला. त्याने सांगितलं तसा. चावी मी दिली, लायसन नाही हे माहीत होतं, जुन्या रस्त्याने जा हे मीच सांगितलं, इंडिकेटर मीच बदलला. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी काही सांगायचं आहे?

‘‘हाव,’’ तो म्हणाला. ‘‘पोट्टीनं म्हाताऱ्याचा पाय बांधला, थे लिवा.’’

‘‘ते तिच्या कागदात येईल. हा तुमचा आहे.’’

‘‘माह्याच कागदात लिवा. तिनं ठोकर मारली तं थे माह्यावर येते म्हनता. येऊ द्या. मंग पाय बांधला थे बी माह्यावर येऊ द्या. थे गाठ बी मीच शिकवली.’’

माझा पेन थांबला. नमुन्यात असा रकाना नव्हता. गुन्हा, कलम, पालकाची संमती, पालकाचा निष्काळजीपणा, सगळ्याला जागा होती. ह्याला नव्हती. मी समासात लिहिलं, आडवं. अक्षर बरं आलं नाही.

हवालदार रजेवरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे मी त्याच्या सेवापुस्तकात लिहायला हवं होतं. फक्त विचारलं, साहेब, तुम्ही तुमच्या वडिलांना काय म्हणत होता?

मी म्हणालो, दादा.

‘‘मंग?’’ तो म्हणाला आणि हजेरी घ्यायला गेला. तिथे बाहेर जाऊन तो हसला असावा, कारण त्या दिवशी हजेरी बराच वेळ चालली. शेजारच्या एका ठाणेदाराचा फोन पुढचा महिनाभर येत राहिला. वडिलांसारखा दिसणारा एक इसम सापडला आहे, म्हणायचा, माझ्याच घरी आहे, आरशासमोर.

प्रकरण न्यायालयात गेलं. म्हातारबा काठी टेकत साक्षीला आले आणि शपथेवर धुक्याचं नाव घेतलं. डोंगेवाल्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी जबाब वाचला, मग कागद तिरका केला आणि समासातलं वाचलं. हे कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं. मी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद सरळ केला. शिक्षा झाली ती न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. तो दिवसभर मागच्या बाकावर बसून राहिला. मुलगी बाहेर पायरीवर डबा घेऊन बसली होती. मधल्या सुट्टीत तिघांनी खाल्लं, म्हातारबाही होते. मुलीला बाल न्याय मंडळाने समज दिली आणि महिनाभर रुग्णालयात सेवा करायला सांगितलं. पंचविशीपर्यंत तिला लायसन मिळणार नाही, हेही कायद्यातच आहे.

निवृत्तीआधी मी एका सकाळी जुन्या रस्त्यावर गेलो. धुक्यात आधी काठीचा आवाज आला, मग म्हातारबा, मग त्यांच्या मागे दप्तर पाठीला लावून चालणारी मुलगी. ती त्यांना टोकापर्यंत सोडून मागे फिरायची आणि एसटी गाठायची. एसटीची वेळ बदलून आठच्या आधीची करून घ्यायला मी चार पत्रं लिहिली होती. माझ्या सेवेतलं सर्वात उपयोगी लेखन तेच.

लोक मला विचारतात, मुलांच्या गुन्ह्यासाठी आईबापांना जबाबदार धरावं का. धरावं. मी कुणाला सोडा म्हणत नाही, स्वतःलाही नाही. पण हे कलम बापाला विचारतं, तुला माहीत होतं का? ज्याला आपल्या लेकराचं काहीच माहीत नसतं, तो ‘नाही’ म्हणून घरी जातो. ज्याला सगळं माहीत असतं, तो बाकावर बसतो. आणि सुटायचं असेल तर लेकराला चोर म्हणा, असंही हळूच सुचवतं. मीही डोंग्यात बसून तेच सुचवलं होतं, म्हणून कायद्याला फार बोलायचा अधिकार मला नाही. एवढंच वाटतं, की ज्या कागदावर बापाचा दोष लिहायला जागा आहे, त्याच्या समासात थोडी कोरी जागा ठेवावी.

मुलगी आता बावीस वर्षांची आहे. दर दिवाळीला फोन करते. मी दर वेळी तेच विचारतो, फरार भाऊ सापडला का?

आणि ती दर वेळी, एकदाही न हसता, तेच सांगते, ‘‘पान्यावर गेला हाय साहेब. सांजीले येते.’’